हिचा काही त्रासच नाही

आधीच सांगून टाकते, आमच्या घरी कोणी कोणाला मारत नव्हतं, पप्पा पीत नव्हते, फी वेळेवर भरली जायची, दिवाळीला दोघा भावंडांना कपडे यायचे, म्हणजे तक्रार करायला जागाच नाही असं घर. त्यामुळे या विषयावर लिहायला बसलं की पहिला आवाज माझ्याच आतून येतो, की बाई तुला रडायला झालंय काय, लोकांच्या घरी काय काय चालतं ते बघ जरा. असा आवाज माझ्यासारख्या बऱ्याच जणांना येतो हे फार उशिरा कळलं.

या प्रकाराला चाइल्डहुड इमोशनल निग्लेक्ट, म्हणजे लहानपणी झालेलं भावनिक दुर्लक्ष, म्हणतात. जोनिस वेब नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी 2012 मध्ये यावर लिहिलं आणि तेव्हापासून हे नाव सगळीकडे पसरलं. साध्या भाषेत सांगायचं तर लेकराचं खाणंपिणं, शाळा, औषधपाणी सगळं व्यवस्थित होतं, पण त्याला आत काय होतंय याची दखल घरात कोणी घेत नाही, आणि हे कोणी मुद्दाम करतं असंही नाही. मारलं तर वळ उठतो, घालूनपाडून बोललं तर ते वाक्य जन्मभर लक्षात राहतं, इथे मात्र आठवायला बसलं तर हाताला काही लागतच नाही, कारण घडलेलंच काही नसतं. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, लगेच व्हॉट्सॲपवर फोटो. नदी किती आटली हे बघायला मात्र कोणी जात नाही आणि त्यासाठी कोणी मारुतीही उभा केलेला नाही. माझ्या लहानपणाचं तसंच आहे.

आम्ही सिडकोत राहायचो, त्रिमूर्ती चौकाच्या मागच्या बाजूला, स्कीमचं छोटं घर, पुढे पप्पांनी वर एक मजला चढवला. पप्पा सातपूर एमआयडीसीत, शिफ्ट फिरती, आणि थर्ड शिफ्टचा आठवडा असला की दिवसभर घरात कुजबुजत बोलायचं, कुकरसुद्धा मम्मी पप्पा उठल्यावर लावायची. बाहेरच्या खोलीत कॉटवर आजोबा, त्यांना लकवा मारलेला, त्यांचं सगळं जागेवर. धाकट्या भावाला दमा, आणि नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी म्हणजे काय ते दम्याचा पेशंट घरात असलेल्यालाच विचारा, रात्र-रात्र मम्मी त्याला मांडीवर उभं धरून बसलेली असायची. सकाळी परत साड्यांचं फॉल-पिको, तेही तिनेच करायचं कारण औषधांना पैसे लागायचे. या सगळ्यात मी. मी वेळेवर उठायचे, वेणी स्वतःची स्वतः घालायचे, आजोबांना चहा बशीतून पाजायचे, नंबर पहिल्या पाचात. पाहुणे आले की मम्मी कौतुकाने सांगायची, "हिचा काही त्रासच नाही हो." मला ते बक्षीस वाटायचं. खरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस अजून शहाण्यासारखी वागायचे.

चष्म्याचा किस्सा सांगते म्हणजे नेमकं काय म्हणतेय ते कळेल. सहावीत मला फळ्यावरचं दिसेनासं झालं. मी कोणालाच काही बोलले नाही. शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घ्यायचे, आणि गणिताला तिच्या वहीतला सात एकासारखा दिसायचा म्हणून उत्तरं चुकायची, तर मला वाटायचं माझंच गणित कच्चं होत चाललंय. शेवटी बाईंच्या लक्षात आलं, त्यांनी डायरीत चिठ्ठी लिहून दिली, मग पप्पांनी स्कूटरवर शालिमारला नेलं, डोळे तपासले, नंबर निघाला. परत येताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा पप्पा मान मागे वळवून म्हणाले, "अगं एवढे दिवस दिसत नव्हतं तर सांगायचं ना!" चिडलेले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं. आणि मी मागे बसून गोंधळलेली, कारण हे सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं फळा असाच असतो, थोडा पुसट.

या "सांगायचं ना"वर मी खूप विचार केलाय. असं म्हणणारा मोठा माणूस प्रामाणिकच असतो. पण लेकरू सांगायला शिकतं कधी, तर आधी त्याला कोणीतरी विचारलेलं असतं तेव्हा. काय गं, तोंड का उतरलंय, शाळेत काही झालं का, असं कोणीतरी पन्नास वेळा विचारतं, मग एक्कावन्नाव्या वेळी ते आपण होऊन येऊन सांगतं. ज्याला कोणी विचारलंच नाही त्याला आपल्या आत काही चाललंय आणि ते दुसऱ्याच्या कामाचं आहे हे कुठून कळणार?

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात एक प्रयोग केला होता, त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर आहे, काळीज घट्ट असेल तर बघा. आई बाळाशी खेळत असते, मग तिला सांगतात की आता चेहरा एकदम कोरा ठेवायचा, हसायचं नाही, प्रतिसाद द्यायचा नाही. दोन-तीन मिनिटांचा खेळ. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, आवाज काढतं, हात पुढे करतं, किंचाळतं, आणि मग तोंड फिरवून घेतं. मी तो व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हा रडले वगैरे नाही, मला ते तोंड फिरवणं फार ओळखीचं वाटलं एवढंच. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगांत अशी काही बाळं सापडली की आई खोलीतून निघून गेली तरी रडत नाहीत आणि परत आली तरी तिच्याकडे धावत नाहीत, आपली खेळण्यांशी खेळत बसतात. बघणाऱ्याला वाटणार किती शांत लेकरू. पुढे कोणीतरी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले तर ते चांगलेच वाढलेले निघाले. म्हणजे त्रास होता, पण तो दाखवून काही उपयोग नाही हे त्या एवढ्याशा जिवाने शिकून घेतलं होतं. हिचा काही त्रासच नाही!

आता मोठेपणी काय होतं. लोकांना वाटतं असा माणूस रडका, दुसऱ्याला चिकटून राहणारा होत असेल. माझ्या बाबतीत उलटं झालं, मी भयंकर कामाची बाई झाले. ऑफिसमध्ये कोणाचं काही अडलं की माझ्याकडे, नातेवाइकांत कोणी ॲडमिट असलं की डबा माझा, पण माझ्यासाठी कोणी पाण्याचा ग्लास आणून दिला तरी मला अवघडल्यासारखं होतं, मी उठून त्याच्या हातातून घेते. कुठे जायचं विचारलं की "कुठेही चालेल". काय खाणार, "काहीही चालेल". नवऱ्याला सुरुवातीला वाटलं बायको फार ॲडजस्टिंग मिळाली, नंतर तो वैतागला, कारण चालेल चालेल म्हणणारी बाई मध्येच एखाद्या रविवारी भाजीत मीठ जास्त झालं एवढ्यावरून दार लावून बसते आणि काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणते. आणि मी खोटं बोलत नसायचे. मला खरंच माहीत नसायचं काय झालंय.

काही वर्षांपूर्वी पित्ताशयात खडे झाले. रात्री दोन वाजता असं दुखायला लागलं की मी बाथरूममध्ये जमिनीवर बसून राहिले, ॲसिडिटीची गोळी घेतली, उजाडायची वाट बघितली, सकाळी डबे भरले, मुलीला व्हॅनमध्ये बसवलं, नवरा ऑफिसला गेला, आणि मग मी माझी माझी स्कूटी काढून मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात गेले. ॲडमिट करून घेतलं तेव्हा नवऱ्याला मेसेज टाकला, "ॲडमिट केलंय, टेन्शन घेऊ नको, दुपारी हिला घ्यायला जा". तो अर्ध्या तासात आला. कॅज्युअल्टीच्या पडद्यापाशी उभा राहून मला म्हणतो, "अगं शेजारी झोपलो होतो मी. सांगायचं ना!" अगदी पप्पांचाच सूर. सलाइन लावलेल्या हाताने मी त्यालाच समजावत होते की तुझी झोप मोडली असती ना उगाच.

तिथल्या सिस्टरने त्याला विचारलं, "मॅडम एकट्या आल्या का?" आणि तो जो गप्प झाला, तो घरी आल्यावरही दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला की मला असं वाटलं की मी तुझा कोणी नाहीच. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण त्रास देत नाही म्हणजे समोरच्यावर उपकार करतो असं नसतं, त्याला बाहेर उभं केल्यासारखं वाटू शकतं.

शेवटी गंगापूर रोडला एका काउन्सेलर मॅडमकडे जायला लागले. त्यांनी ऑपरेशनबद्दल विचारलं, मी सगळं सविस्तर सांगितलं, तारखा, डॉक्टर, बिल, इन्शुरन्स. त्या म्हणाल्या, "हे झालं काय झालं ते. तुम्हाला वाटलं काय?" मी परत काय झालं ते सांगितलं. मग त्यांनी एक कागद दिला, त्यावर राग, हिरमोड, धास्ती, हेवा, अपमान, एकटेपणा, हुरहूर असे पुष्कळ शब्द, आणि म्हणाल्या यातलं काय काय होतं त्यावर खूण करा. मी बराच वेळ कागद खालीवर केला आणि विचारलं, यात थकवा का नाही. त्या हसल्या, मीही हसले, पण प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. आपल्याला काय वाटतंय ते ओळखता आणि बोलता न येणं याला मानसशास्त्रात ॲलेक्सिथायमिया म्हणतात, 1970च्या दशकात सिफ्निओस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने दिलेलं नाव आहे. मला तो आहे असं काही मॅडम म्हणाल्या नाहीत, त्या एवढंच म्हणाल्या की डोक्याने कळत नसेल तर शरीराला विचारा, घसा आवळतोय का, जबडा घट्ट झालाय का, पोटात कालवतंय का. हे जमतं. हळूहळू जमतं, पण जमतं. सासूबाईंचा फोन आला की माझे खांदे कानापर्यंत चढलेले असतात हे मला चाळिशीत कळलं.

शरीराचा विषय निघालाच आहे तर, अमेरिकेत सॅन दिएगोला फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी 1995 ते 1997 या काळात 17,000हून जास्त लोकांना लहानपणाबद्दल विचारलं होतं. हे लोक इन्शुरन्स असलेले, बरेचसे शिकलेले, मध्यमवर्गीय, आपल्यासारखेच म्हणा ना. त्याचा पहिला शोधनिबंध 1998 मध्ये आला. पुढे लहानपणच्या त्रासांचे दहा प्रकार धरले गेले आणि मारहाण, घरातलं व्यसन यांच्या रांगेत भावनिक दुर्लक्षही बसलं. जितके प्रकार जास्त तितकं मोठेपणी डिप्रेशनपासून हृदयविकारापर्यंत सगळ्याचं प्रमाण जास्त असं निघालं. म्हणजे प्रत्येकाला होतंच असं नाही, पण "एवढंसं काय त्यात" म्हणून झटकून टाकण्यासारखं पण नाही. आपल्याकडेही 2007 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत मुलांवरच्या अत्याचारांचा अभ्यास केला, त्यात मुलींकडे घरात होणाऱ्या दुर्लक्षाचा वेगळा भाग होता. वेगळा का, ते कुठल्याही बहिणीला विचारा.

पण ते रीलवाले "टॉक्सिक पेरेंट्स, कट देम ऑफ" म्हणतात ना, त्यांच्याशी माझं जमत नाही. माझी मम्मी निफाडकडच्या एका खेड्यातून लग्न करून आली, सात भावंडं, तिच्या आईला संध्याकाळी सगळी घरी आलीत का एवढं मोजायलाच वेळ मिळायचा. पप्पांचं तर असं की वडिलांसमोर स्वतःच्या लेकराला उचलून घेणं हा आगाऊपणा समजला जायचा, कडेवर पोर आणि समोरून आजोबा आले तर पोर खाली ठेवायचं. तोंडावर कौतुक केलं तर नजर लागते, लाड केले तर पोरगी डोक्यावर बसते, रडलं तर "गप, काय झालं एवढं". यात प्रेम कमी नव्हतं, प्रेम फॉल-पिकोतून आणि ओव्हरटाइममधून यायचं, आम्हीच ते ओळखायचं होतं. हे सगळं मला समजतं. पण समजतं म्हणून मला जे मिळालं नाही ते मिळालं असं होत नाही ना. "आईवडिलांनी एवढं केलं" हे वाक्य खरं आहे, आणि त्या वाक्याने पुढचं सगळं बोलणं बंद होतं हेही खरं आहे. मला ही दोन्ही एकत्र धरून ठेवता यायला हवीत, आणि काही दिवस येतात, काही दिवस नाही.

मागच्या दिवाळीत मी मम्मीला सहज विचारलं, मी लहानपणी कशी होते गं. ती करंजीचं सारण भरत होती. म्हणाली, "शहाणी होतीस. तुझा काही त्रासच नव्हता." मी म्हटलं ते माहितीये, पण मला आवडायचं काय, मी घाबरायचे कशाला? तिने हातातली करंजी मुरडून पूर्ण केली, ताटात ठेवली, विचार केला. "सगळं खायचीस तू," म्हणाली. आणि मग भावाचे किस्से सुरू झाले, तो औषध पलंगाखाली कसा थुंकायचा, त्याला पालीची कशी भीती, गणपतीत हरवला तेव्हा मंडळाच्या माइकवरून स्वतःचंच नाव कसं पुकारलं, अर्धा तास. मी हसत ऐकत होते आणि माझा जबडा दुखायला लागला होता.

हे मी भावाला फोनवर सांगितलं. तो पुण्यात, हिंजवडीला असतो. मला वाटलं तो म्हणेल की ताई तू उगाच जुनं उकरतेस, कारण आधी एकदा म्हणाला होता. तो जरा थांबला आणि म्हणाला, "तुला वाटतं मला सगळं मिळालं. ताई, मला पंप मिळाला." म्हणाला मम्मी अजून फोन केला की पहिलं विचारते छाती कशीये, नोकरी गेली होती तेव्हा पण छाती कशीये हेच विचारलं, आणि मी म्हटलं बरीये, तर म्हणाली मग झालं. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी हिशोब असा मांडून बसले होते की घरात लक्ष थोडंसंच होतं आणि ते सगळं त्याच्या वाट्याला गेलं. आम्ही दोघं त्या दिवशी पहिल्यांदा तासभर बोललो असू, एरवी आमचं "बोल", "काही नाही, तू बोल" एवढ्यात आटोपतं.

तुमच्यापैकी कोणाला हे वाचून आपलंच वाटलं आणि काउन्सेलरकडे जायला पैसे किंवा हिंमत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, ऑक्टोबर 2022 पासून सुरू झाली, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन लावून "काही विशेष नाही, सहज केला" म्हटलं तरी चालतं, त्यांना सवय असावी. आणि कोणी नवीन आई-बाप असाल तर घाबरून जाऊ नका, ट्रॉनिक यांनीच पुढे दाखवलंय की चांगल्या आयांचेही बाळाशी सूर सारखे जुळलेले नसतात, बराच वेळ तुटलेलेच असतात, फक्त परत जुळवले जातात. चोवीस तास लेकराच्या तोंडाकडे बघत बसायला कोणी सांगितलेलं नाही.

माझी मुलगी पाचवीत आहे आणि ती सगळं सांगते. मला आधी वाटायचं वा, मी जिंकले, आता वाटतं देवा हिला बटण कुठंय. परवा व्हॅन इंदिरानगरच्या बोगद्यापाशी बंद पडली त्याची गोष्ट सुरू झाली, कोण कुठे बसलं होतं, काकांनी कोणाला फोन लावला, एका मुलाला शू आली, मी पोळ्या लाटत हूं, हूं, अगबाई, असं चालू ठेवलं होतं आणि डोक्यात गॅसचं बुकिंग. ती मध्येच थांबली. "मम्मी, तू ऐकत नाहीयेस." मी म्हटलं ऐकतेय गं. "मग शू कोणाला आली सांग." मला सांगता येईना. गॅस बंद करायला लावला तिने, समोर बसवलं, आणि व्हॅनमध्ये बसल्यापासून सगळी गोष्ट परत पहिल्यापासून सांगितली.